मी आवडीने आलेलो नाही

अमेय, तुझ्या आईने फोनवर सांगितले की तू त्या जर्मन तत्त्वज्ञाचे कर्तव्यावरचे पुस्तक कोणालाही न विचारता एकट्याने वाचायला घेतले आहेस. मागून सई ओरडली की हल्ली तू जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना शिकवतोस. पुस्तक चांगले आहे. बी.ए.ला ते आम्हाला होते, आणि परीक्षा झाल्यावरही मी ते एकदा शेवटपर्यंत वाचले. तेव्हा जरूर वाच. फक्त आमच्या कॉलनीत ते पुस्तक आणखी एका माणसाने असेच एकट्याने वाचले होते. त्या माणसाबद्दल तुम्हा दोघांना सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. त्याचे नाव नारायणराव बोंदरे. मला तो कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते.

साठचे दशक संपत आले होते. आमची कॉलनी अमरावती रोडला लागून होती. दिवसभर वाडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक आमच्या भांड्यांवर धूळ उडवत जायचे. बोंदरे आमच्या भिंतीला भिंत. एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते. उंच, वाळके, उन्हाळ्यातही शर्टाचे वरचे बटण लावलेले. काही अप्रिय बोलायचे असले की आधी दोनदा खाकरायचे. त्यामुळे ते खाकरले की माणसे उठून जायच्या तयारीला लागत.

पुस्तक त्यांच्या हाती कसे आले, तेही ऐका. त्यांच्या साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात ते होते. साहेबांनी ते उघडलेले कोणी पाहिले नव्हते. बोंदऱ्यांनी तेच पुस्तक सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत शोधून काढले, त्याला खाकी कव्हर घातले, आणि त्या संध्याकाळपासून व्हरांड्यात लोखंडी घडीची खुर्ची टाकून ते वाचू लागले. शेजारी स्टुलावर जाडजूड डिक्शनरी आणि ऑफिसातली लाल-निळी पेन्सिल. पटलेल्या वाक्याखाली निळी रेघ, न कळलेल्याखाली लाल. काही महिन्यांनी सगळ्या रेघा निळ्याच पडू लागल्या. त्यांना सगळे समजू लागले होते असे त्यांचे मत. लाल टोक बोथट झाले होते, असे तुमच्या आजोबांचे.

आजोबांचे एक स्नेही तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक होते. रविवारी सकाळी बसून हे पुस्तक समजावून देईन, असे ते आपण होऊन म्हणाले. बोंदरे खाकरले.

"ज्याला स्वतः विचार करायचा आहे त्याने शिकवणी कशाला लावावी? पुस्तक स्वतःच तर सांगते, उसन्या अकलेवर चालू नका."

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. स्वतः विचार करू पाहणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटायला हवा. पण स्वतः विचार करण्यासाठी आधी विचार करता यावा लागतो. ते पुस्तक सावकाश चढायचे आहे. मध्ये वळणे आहेत, आणि वळणावर हात धरायला कोणी नसले तर माणूस अर्ध्यावरच शिखर समजून बसतो. बोंदरे पहिल्याच वळणावर बसले. पहिला भाग त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या भागात गेल्याचे कधी दिसले नाही.

त्यांची भाषाही बदलली. आधी ते कॉलनीतल्या सगळ्यांसारखेच "काहून गा, आज सुटी हाये का?" असे बोलत. आता त्यांच्या तोंडून रेडिओवरच्या बातम्या येऊ लागल्या.

पहिली गोष्ट त्यांनी उचलली ती म्हणजे, आपण जे करतो ते सगळ्यांनीच केले तर चालेल का, हे स्वतःला विचारून पाहणे. किती चांगला प्रश्न आहे! पण तो स्वतःला विचारायचा असतो. बोंदरे तो इतरांना विचारत. कोणी नळावर जास्तीची बादली भरली, कोणी सायकल फाटकाला टेकवली, की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सगळ्यांनीच असे केले तर?" एकदा शेजारच्या पोरीने त्यांच्या झाडाचा पेरू तोडला.

"सगळ्यांनीच एकेक पेरू तोडला तर?"

"तर झाड रिकामं होईन काकाजी," ती शांतपणे म्हणाली, "मंग तुमाले इथं बसून राखाचं काम नाही."

कॉलनी महिनाभर हसली. बोंदरे हसले नाहीत. लोक हसले की आपण बरोबर आहोत, अशी त्यांची खात्री पटायची.

आता त्यांच्या बायकोबद्दल. शेवंतावहिनी काटोलकडच्या शेतकरी घरातल्या. ठेंगण्या, गोल, हसताना आधी डोळे मिटायच्या आणि मग हसायच्या. मूलबाळ नव्हते. सगळी माया वाढण्यात उतरली होती. वाढणे म्हणजे आमच्याकडचे वाढणे, तुम्ही पाहिलेले नाही. जेवणाऱ्याने ताटावर आडवा हात धरून "नको, नको, पुरे" म्हणायचे, आणि वाढणारीने "घ्या नं, एकच" म्हणत बोटांच्या फटीतून पोळी सरकवायची. हात धरला म्हणजे नको, असा अर्थ कोणीच घेत नाही. उलट आग्रह झाला नाही तर जेवायला बोलावले कशाला, असे माणूस घरी जाऊन म्हणतो. वहिनींच्या आग्रहापुढे तुमचे आजोबा दर वेळी हरायचे. अर्थात, आनंदाने.

आमच्यात वाट्यांची देवाणघेवाण होती. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा रिवाज. काही नसले तर चिमूटभर साखर तरी. एकदा मी गोळाभात पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन स्वतः बोंदरे आले. घासलेली, पुसलेली, रिकामी.

"वाटी परत करणे हे कर्तव्य," ते म्हणाले. "भरून देणे ही भावना. आणि सगळ्यांनीच भरून दिली तर वाटी कधी परत झाली असे म्हणताच येणार नाही."

मी वाटी घेतली. थोड्या वेळाने मागच्या दाराशी वहिनी उभ्या. मुठीत दोन संडगे.

"ते वाटीत टाकाचं राहून गेलं होतं बाई," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून हसल्या.

इथपर्यंत हा माणूस नुसता हास्यास्पद होता. तशी माणसे प्रत्येक कॉलनीत असतात. पुढच्या गोष्टीसाठी मात्र मी त्याला माफ केलेले नाही.

पुस्तकात असा एक मुद्दा आहे की एखादा माणूस मनात ओढ नसताना, जिवावर येत असताना केवळ कर्तव्य म्हणून चांगले काम करतो, तेव्हा त्या कामाचे मोल स्वच्छ दिसते. ओढ असली की ते वेगळे काढून दाखवता येत नाही, इतकेच. ओढ वाईट, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. उन्हात लावलेला दिवा दिसत नाही, म्हणून कोणी तो फुंकत नाही. बोंदऱ्यांनी फुंकला. त्यांनी सरळ हिशेब मांडला की जे करायला आवडते त्याला मोल नाही, जे करायला नकोसे वाटते तेच कर्तव्य.

त्यांना दवाखान्याचा वास सहन होत नसे. म्हणून त्यांनी आजाऱ्यांना भेटायला जायचे ठरवले. ओळखीचा कोणीही आडवा झाला की बोंदरे हजर. आमच्या शाळेतल्या पिंपळापुरे मास्तरांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले तेव्हा मी तिथेच होते. बोंदरे आले, स्टूल ओढले, खाकरले.

"मास्तर, मी आवडीने आलेलो नाही."

मास्तर टाक्यांवर हात ठेवून म्हणाले, "मग नावडीनं बसा. स्टूल तेच आहे."

बोंदरे अर्धा तास घड्याळ पाहत बसले आणि उठून गेले. मास्तर मला म्हणाले, "बाई, ऑपरेशन याच्यापेक्षा बरं होतं. त्यात निदान भूल देतात."

याच काळात घरात काय चालले होते ते भिंतीतून ऐकू यायचे. वहिनींना गजरा आणणे बंद झाले, कारण आणायला आवडायचे. संध्याकाळी दोघे कोपऱ्यापर्यंत फिरायला जात, तेही बंद. "तुझ्यासाठी काही करताना मला सुख होते," मी त्यांना एकदा बायकोला समजावताना ऐकले, "म्हणून त्यात काही अर्थ नाही." वहिनींनी विचारले, "मंग मी काय करू जी?" त्यावर पुस्तकात काही नव्हते. निदान पहिल्या भागात नव्हते.

मग एका हिवाळ्यात वहिनींच्या पोटात गाठ निघाली. सरकारी इस्पितळात ऑपरेशन ठरले. बोंदऱ्यांनी सगळे चोख केले. कागदांवर सह्या, औषधे, रक्ताची सोय, काही राहिले नाही. आदल्या दुपारी मी वहिनींच्या पिशवीत साडी घालत होते. त्या खाटेवर बसल्या होत्या, हसत नव्हत्या.

"बाई, मले एकच भेव हाये," त्या म्हणाल्या. "भूल उतरली अन डोये उघडले तं कोनी आपलं दिसलं पायजे. ते दिसले पायजेत. मंग काही वाटनार नाही मले."

मी बोंदऱ्यांना हे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी मान हलवली. ती मान मी होकारार्थी समजले.

डोळे उघडले तेव्हा वहिनींना मी दिसले. त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिले. संध्याकाळी भेटायच्या वेळेला घंटा झाली, माणसे आत आली, प्रत्येक खाटेशी कोणी ना कोणी बसले. वहिनी दाराकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. "ऑफिसात काम असन," त्या मला समजावत होत्या, जणू विचारले मीच होते. "वाट पाहून राहिली मी, येतीन." तिसऱ्या दिवशी मी डबा ठेवला आणि ऑफिसात फोन करावा म्हणून बाहेर पडले. व्हरांड्यातून जाताना पुरुषांच्या वॉर्डातून ओळखीचे खाकरणे ऐकू आले.

बोंदरे तिथे बसले होते. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, स्टुलावर ताठ. खाटेवर वाडीचे ट्रकवाले गोतमारे, पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. कॉलनीच्या तोंडाशी ट्रक उभे करण्यावरून या दोघांची वर्षानुवर्षे भांडणे होती. बोंदऱ्यांना जगात सर्वात नकोसा माणूस कोण, तर गोतमारे.

मला पाहताच गोतमाऱ्यांनी हात जोडले. "बाई, नेता काय याले? रोज येते, अन रोज सांगते का तुमी मले आवडत नाही म्हनून. टांग बी माहीच मोडली, अन सजा बी मलेच?" मग बोंदऱ्यांकडे वळून, "अरे बाबू, तुयी बायको तिकडं पडून हाये, अन तू इथं माह्या टांगेवर डोये लावून बसला! जाय नं गा तिच्याकडं!"

"गोतमारे, तुम्हाला हे कळणार नाही," बोंदरे म्हणाले.

"मले कळते म्हनूनच तं सांगून राहिलो!" गोतमाऱ्यांनी उशाचा पेला उचलला. फेकला असता, पण पाय टांगलेला होता.

मी बोंदऱ्यांना बाहेर बोलावले. मी शाळेत आवाज चढवत नसे, तिथेही चढवला नाही. फक्त विचारले की हे काय आहे.

"बाई, तुम्ही शांतपणे ऐका," ते म्हणाले. "मला तिच्याजवळ बसावेसे वाटते. फार वाटते. इथे बसतो तेव्हा सगळे लक्ष त्या भिंतीपलीकडे असते. म्हणूनच जाता येत नाही. गेलो तर ते स्वतःच्या सुखासाठी होईल."

खरे सांगते, तोपर्यंत मी समजत होते की या माणसाचे बायकोवर प्रेम नाही, आणि तशी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. प्रेम असून, एका भिंतीच्या अंतरावर बसून तिला दाराकडे पाहत ठेवणारा हा पहिलाच. माझ्या मनातली शेवटची दया तिथे संपली. मी म्हटले, "वहिनींनी तुमच्याकडे एक गोष्ट मागितली होती. ती मागणारी माणूस आहे, तुमच्या चांगुलपणाचे साधन नाही, हे पुस्तकाच्या पुढच्या भागात आहे. वाचा." ते म्हणाले, अजून तिथपर्यंत आलो नाही. आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

मी वहिनींना काही सांगितले नाही. सांगितले ते गोतमारीणबाईंनी, तेही चांगल्या मनाने. संत्री घेऊन त्या बायकांच्या वॉर्डात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे मालक किती चांगले वं! रोज आमच्या याहीच्या उशाशी बसून राहतेत."

वहिनींनी संत्री पदरात घेतली. मग विचारले, "रोज?"

"रोज वं. टाइमावर."

वहिनींनी एक संत्रे सोलले, फोडी वेगळ्या केल्या आणि गोतमारीणबाईंच्या हातावर ठेवल्या. "घ्या नं," त्या म्हणाल्या. "आनखी एक घ्या." त्यानंतर मात्र त्या दिवशी त्यांनी दाराकडे पाहिले नाही.

वहिनींना इस्पितळातून सुटी मिळाली तेव्हा बोंदरे आले. "रिक्षा दाराशी आहे," ते म्हणाले. "हो जी," वहिनी म्हणाल्या. एवढेच.

घरी आल्यावर त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मी वाट पाहत होते की आता भिंतीतून काही ऐकू येईल. काही आले नाही. काय झाले होते ते मला पोळ्याच्या दिवशी कळले. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावले होते. पुरणपोळ्या, वाटीभर तूप. वहिनी तुमच्या आजोबांना वाढत होत्या, "घ्या नं भाऊजी, एकच," आणि आजोबा नेहमीसारखे हरत होते. मग बोंदऱ्यांची पाळी आली. त्यांनी ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "पुरे."

वहिनी पुढे गेल्या.

बोंदऱ्यांचा हात ताटावर तसाच राहिला. तो काढावा की ठेवावा, त्यांना कळेना. आजोबा खाली मान घालून वरणाकडे पाहत होते. शेवटी बोंदरे म्हणाले, "मला आग्रह नाही केलास?"

"आग्रह तं आवडीनं करतेत जी," वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून म्हणाल्या. "कर्तव्यात तो येत नाही. मागान तेवढं वाढीन."

आवाजात राग नव्हता. शिकलेले नीट म्हणून दाखवावे तसा तो आवाज होता. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण ताटावर बसले होते.

तेव्हापासून बोंदऱ्यांना सगळे वेळेवर मिळाले. चहा, डबा, इस्त्रीचा शर्ट. कशात म्हणून चूक निघाली नाही. त्यांच्या पुस्तकाप्रमाणे, म्हणजे त्यांना कळलेल्या पुस्तकाप्रमाणे, आता ते कॉलनीतले सर्वात भाग्यवान नवरे होते. ते आणखी वाळत गेले. मागून घेणे त्यांना कधी जमलेच नाही. माझी वाटी मात्र वहिनी पूर्वीसारखी भरून आणत, आणि आता समोरच्या दाराने.

बोंदऱ्यांना मी शेवटचे पाहिले ते ऐंशी सालानंतर. ते निवृत्त झाले होते. अर्धांगाचा झटका येऊन इस्पितळात होते. डावी बाजू गेली होती, बोलणे जड पण समजण्यासारखे. मी गेले तेव्हा भेटायची वेळ सुरू झाली होती आणि वहिनी घंटेबरोबर आल्या होत्या. तोंड पुसले, उशी फिरवली, थर्मासमधला चहा बशीत ओतून पाजला. रोज याच वेळी येत आणि घंटेबरोबर जात, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. खाकी कव्हरचे पुस्तक उशाशी होते.

"शेवंता," बोंदरे म्हणाले. रेडिओ बंद झाला होता, जुनी बोली परत आली होती. "तुले वाटलं म्हनून आली नं?"

वहिनी थर्मासचे झाकण फिरवत होत्या. "नाही जी. यावं लागते म्हनून आली."

बोंदऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. ते पुस्तक वाचलेले त्या खोलीत आम्ही दोघेच होतो. त्यातले काहीतरी काढून मी त्यांच्या बाजूने बोलावे, अशी ती नजर होती.

"स्वतः विचार करा," मी म्हटले. "तुम्हीच म्हणायचा."

घंटा झाली. आम्ही दोघी निघालो. जिन्याच्या वळणावर वहिनी थांबल्या.

"बाई, लागलं असन का त्याहीले?"

"लागले असेल," मी म्हटले. "लागू द्या."

त्यांनी मान हलवली. दोन पायऱ्या उतरल्या. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वळून परत वर निघाल्या. चौकीदार आडवा आला. "बाई, टाइम खतम झाला."

"माहीत हाये," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्या बाजूने गेल्या.

का कोण जाणे, मीही मागे गेले. दारातून दिसत होते. वहिनी खाटेच्या कडेवर बसल्या होत्या, स्टुलावर नाही. पदरात संत्र्याची साले. बोंदऱ्यांनी चांगला हात तोंडावर आडवा धरला होता आणि मान हलवत होते, नको, नको. त्या माणसाची ती लायकी नव्हती, हे मी तेव्हाही म्हटले असते आणि आजही म्हणते. पण मला कोणी विचारले नव्हते. वहिनींनी त्यांच्या बोटांच्या फटीतून एक फोड आत सरकवली.

"घ्या नं," त्या म्हणाल्या. "एकच."